रिकाम्या डब्याला कान लावा : न्हावा शेवाच्या सीमाशुल्क मुख्य आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य आयुक्त, सीमाशुल्क, मुंबई विभाग २,
जवाहरलाल नेहरू सीमाशुल्क भवन, न्हावा शेवा, ता. उरण, जि. रायगड.

प्रत : मा. अध्यक्ष, जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण. तसेच उरण तालुक्यातल्या सर्व सीएफएस (बंदराबाहेरची मालाची गोदामं) आणि एम्प्टी यार्डांचे (रिकाम्या डब्यांची आवारं) व्यवस्थापक.

महोदय,

मी कस्टममध्ये कधी नव्हतो आणि सीएचएही (कस्टममधून माल सोडवून देणारा एजंट) नाही. २७ वर्षं कंटेनर सर्व्हेयर म्हणून काढली, त्यातली बरीचशी द्रोणागिरी आणि भेंडखळच्या यार्डांत. डबा, म्हणजे कंटेनर, कुठे चेपलाय, कुठे गंजलाय, दाराचं रबर फाटलंय का, खालची फळी कुजलीय का, हे बघायचं आणि फॉर्मवर खुणा करायच्या. आता घरी असतो. पण करळ फाट्यावरून जाताना पुढच्या ट्रेलरवरच्या डब्याची बिजागरी बघायची सवय काही जात नाही. मागे बसलेली बायको ओरडते, रस्त्याकडे बघा.

बंद डब्यात लपवलेला माणूस किंवा माल कसा सापडेल, यावर हे पत्र आहे. ते का लिहितोय ते आधी सांगतो. २००६ चा मे महिना होता. एका यार्डात (नाव नको, ते आता दुसऱ्याच्या हातात आहे) मी रिकाम्या चाळीस फुटी डब्याची लाइट टेस्ट करत होतो. आपल्या अधिकाऱ्यांना ही माहीत असेल, वाचणाऱ्यांसाठी सांगतो. सर्व्हेयरनं आत जायचं, मदतनिसानं बाहेरून दोन्ही दारं लावायची आणि आत काळोखात उभं राहून छताकडे, भिंतींकडे बघायचं. जिथून उजेडाची टाचणी आत येते तिथे भोक. पावसाळ्यात पाणी तिथूनच शिरणार. मिनिटभराचं काम. त्या दिवशी पोरानं दारं लावली, दांडे फिरवले आणि तेवढ्यात सुपरवायझरनं त्याला हाक मारली. ते गेलं ते गेलंच. दुसऱ्या टोकाला कुठल्याशा गाडीचा गेटपास अडकला होता म्हणे.

डब्याचं दार आतून उघडत नाही. पहिली पाच मिनिटं मी शिव्या घातल्या. मग टॉर्चनं दार वाजवलं. टॉर्च फुटल्यावर बूट काढून वाजवलं. पत्र्याला हात लावायची सोय नव्हती इतका तो तापलेला. वरच्या कोपऱ्यात हवेसाठी म्हणून जी प्लास्टिकची चपटी डबी असते तिच्यातून किती हवा येते, ते त्या दिवशी कळलं. आदल्या फेरीत त्या डब्यात कातडी भरली असावी, असा वास होता. मोबाइल ऑफिसात चार्जिंगला. बाहेर रीच स्टॅकर (डबे उचलणारी गाडी) मागे जाताना वाजतो तसा वाजत होता, आणि माझा बूट त्याच्यापुढे काय वाजणार? चाळीसेक मिनिटांनी एक ट्रेलरवाला आडोसा बघून डब्याच्या मागे उभा राहिला, म्हणून मी आज हे पत्र लिहितोय. त्यानं आधी विचारलं, "अंदर कौन है बे?" आणि मग स्वतःचं काम अर्धवट सोडून दार उघडलं.

संध्याकाळपर्यंत सगळं यार्ड हसत होतं, मीही हसलो. पण रात्री घरी जेवण गेलं नाही. कारण तो डबा संध्याकाळच्या गाडीनं पोर्टात जायचा होता. कागदावर तो एम्प्टी होता. आणि माझ्या काळात एम्प्टी म्हणून कागद झालेल्या डब्याचं दार पुढे कुणी उघडत नसे. उघडणं हे कुणाचं कामच नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, अपघात होता, त्याचा तस्करीशी काय संबंध? सांगतो.

जानेवारी २०२३ मध्ये मलेशियाच्या पोर्ट क्लांगला चितगावहून आलेल्या एका रिकाम्या डब्यात बांगलादेशचा एक मुलगा जिवंत सापडला. लपंडाव खेळताना डब्यात शिरला, झोपला, आणि दार लागलं. सुरुवातीला सगळ्यांना मानवी तस्करीचा संशय आला. चौकशीत तसं काही निघालं नाही. त्याआधी २०१६ मध्ये आपल्याच विशाखापट्टणमला चितगावचाच एक कामगार असाच रिकाम्या डब्यातून निघाला, बारा दिवसांनी. या दोघांना कुणी पाठवलं नव्हतं, त्यांना कुणी लपवलंही नव्हतं, तरी देश ओलांडून गेले. ज्याला पैसे घेऊन माणसं लपवायचीच आहेत, त्याला मग काय अवघड आहे?

आणि लपवलेली माणसं कशी पोचतात तेही जगानं पाहिलंय. ऑगस्ट २०१४ मध्ये इंग्लंडच्या टिलबरी बंदरात बेल्जियमच्या झीब्रुगाहून आलेल्या एका डब्यात ३५ अफगाण शीख सापडले. त्यांत १३ मुलं होती. एक माणूस मेलेला होता. ती सापडली ती यंत्रामुळे नव्हे. गोदीतल्या लोकांना आतून ओरडणं आणि ठोकणं ऐकू आलं. पाच वर्षांनी, २३ ऑक्टोबर २०१९ ला, इंग्लंडच्याच एसेक्समध्ये एका रेफ्रिजरेटेड ट्रेलरचं दार उघडलं तेव्हा आत व्हिएतनामच्या ३९ जणांचे मृतदेह होते. तोही झीब्रुगाहूनच बोटीनं आला होता. पण या वेळी वाटेत ठोकणं कुणाच्या कानावर पडलं नव्हतं.

न्हावा शेवातून डब्यात माणसं भरून पाठवतात, असं मी म्हणत नाही. तसं एकही प्रकरण मी पाहिलेलं नाही. आपल्याकडून माणसं नेली जातात ती बहुतेक रेल्वेनं, विमानानं, नोकरीच्या खोट्या पत्रावर आणि एजंटच्या भरवशावर; ते काम पोलिसांचं. पण बंद डब्याच्या बाबतीत आपली जी सवय आहे, म्हणजे कागद म्हणतो तेच आत आहे असं धरून चालायची, तिचाच फायदा माल लपवणारा घेतो. तो कसा घेतो, हे याच बंदरानं पुन्हा पुन्हा पाहिलंय.

ऑगस्ट २०२० मध्ये इथे १९१ किलो हेरॉइन पकडलं. कागदावर ज्येष्ठमध. बांबूसारख्या रंगवलेल्या प्लास्टिकच्या नळ्यांत भरलेलं. २०२१ च्या जुलैत टाल्कच्या (पावडरीच्या दगडाच्या) नावाखाली जवळजवळ तीनशे किलो. त्याच सप्टेंबरात गुजरातच्या मुंद्रा बंदरात जवळपास तीन हजार किलो, तेही टाल्कच. अफगाणिस्तानचा माल, इराणच्या बंदर अब्बासहून आलेला, जंबो बॅगांत खाली हेरॉइन आणि वर टाल्कचे दगड. मागवणारी फर्म विजयवाड्याची आणि माल उतरला कच्छात! मग २०२२ मध्ये पुन्हा आपल्याकडे ज्येष्ठमध, या वेळी काड्यांनाच हेरॉइन चोपडलेलं, आणि पकडलं ते दिल्ली पोलिसांनी. त्याच वर्षी ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेच्या हिरव्या सफरचंदांच्या रीफरमध्ये (थंड डब्यात) ५० किलो कोकेन. आमच्या घरी खोकला झाला की आई ज्येष्ठमधाची काडी चघळायला द्यायची. आता ते नाव ऐकलं की न्हावा शेवा आठवतं.

ही प्रकरणं पकडली गेली याचं श्रेय डीआरआय (महसूल गुप्तचर संचालनालय), आपलं खातं आणि पोलीस यांना द्यायलाच हवं. पण बहुतेक वेळा आधी खबर होती, आणि मग डबा उघडला. खबर नसती तर? मुंद्र्याचे डबे विजयवाड्याच्या कागदावर बाहेर पडले असते की नाही, हे आपल्या खात्यातल्या माणसाला मी सांगायला नको.

रोजच्या कामाचा आकार मला कळतो. २०२४-२५ मध्ये या बंदरानं वीस फुटी हिशेबानं सुमारे ७३ लाख डबे हाताळले. म्हणजे दिवसाला वीस हजार. सगळे उघडा म्हणणारा माणूस बंदरात कधी उभा राहिलेला नाही. सगळे स्कॅन करा म्हणणं सोपं आहे. अमेरिकेनं २००७ मध्ये तसा कायदाच केला, २०१२ पासून त्यांच्याकडे येणारा प्रत्येक डबा परदेशी बंदरातच स्कॅन व्हावा म्हणून. तो आजवर अमलात आलेला नाही, मुदतीवर मुदत वाढत गेली. आपल्याकडे तर २००५ पासूनच जोखीम ठरवणारी आरएमएस प्रणाली आहे, कुठला डबा स्कॅनला घ्यायचा आणि कुठला तपासायचा ते ती सांगते. त्यात वावगं काही नाही. पण प्रणाली कागद वाचते. कागद चांगला लिहिणारा माणूस तिच्यासाठी चांगला माणूस. डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी आल्यापासून तर चांगल्या कागदाचा डबा सीएफएसला न येता थेट कारखान्याकडे निघतो.

माझं म्हणणं यंत्राच्या खालच्या पायरीबद्दल आहे. जिथे माणूस डब्याला हात लावतो तिथलं.

आधी सील. बोल्ट सील (दाराच्या दांड्याला लावलेलं लोखंडी खिळ्याचं सील) तोडून डबा उघडणारा चोर आता कच्चा समजला जातो. पक्का चोर सीलला हातच लावत नाही. ज्या दांड्याला सील लागतं, त्या दांड्याच्या कडीचा रिवेट तो ड्रिलनं काढतो, दार उघडतो, आत काय घालायचं ते घालतो किंवा काढायचं ते काढतो, नवा रिवेट ठोकतो आणि वर रंगाचा हात मारतो. सील शाबूत, नंबर बरोबर. २०१७ पासून कारखान्यातून निघणाऱ्या निर्यातीच्या डब्याला आरएफआयडीचं (रेडिओनं वाचता येणारं) ई-सील लागतं, गेटवर रीडर वाचतो आणि सगळं ठीक म्हणतो. सीलला विचारलं तर सील तुटलं नाही एवढंच ते सांगणार. रिवेटचं कोण बघतं? दहा वर्षं समुद्राची खारी हवा खाल्लेल्या डब्यावर तीनच रिवेट चकचकीत असतील तर ते मला वीस फुटांवरून दिसतात, आणि माझे डोळे काही खास नाहीत. चोरटं रक्तचंदन भरायला डब्याला कारखाना आणि पोर्टाच्या मध्ये कुठेतरी दोन-तीन तास थांबावं लागतं. तो थांबलाय हे रिवेट सांगतो.

माझ्या काळात गेटवर सील नंबर डब्यावर वाचला जायचा की कागदावरून टाइप व्हायचा, यावर मी शपथेवर काही बोलणार नाही. एवढंच सांगतो की एकदा मी फॉर्मवर लिहिलं, सील नंबरात एक आकडा वेगळा आहे. मला बोलावून सांगितलं, "असं लिहू नका, डबा अडकतो, पार्टी ओरडते. खाडाखोड करून द्या." मी खाडाखोड केली नाही. दुसऱ्या दिवसापासून माझी ड्युटी रिपेअर यार्डात लागली. फॉर्मचं पुढे काय झालं ते मला कधी कळलं नाही.

दुसरं, मोजमाप. वीस फुटी डबा आतून ५.९ मीटर लांब असतो, चाळीस फुटी १२ मीटरच्या थोडा वर. रिकाम्या डब्यात दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत टेप टाकायला किती वेळ लागतो? लेझरचं यंत्र हातात असेल तर तीन सेकंद. आकडा अर्धा मीटर कमी आला तर भिंत खोटी आहे. खालची फळी नेहमीपेक्षा उंच वाटली तर दाराच्या चौकटीशी ताडून बघा. भिंतीवर काठी मारा, भरलेल्या आणि पोकळ पत्र्याचा आवाज सारखा नसतो. खाली चासीच्या आडव्या पट्ट्यांत टॉर्च मारा. रीफर असेल तर यंत्राच्या बाजूचं कव्हर उघडा, त्या पोकळीत जागा पुष्कळ असते. जगभर डब्याच्या सात बाजू अशा बघण्याची पद्धत लिहून ठेवलेली आहे, नवीन काही नाही. हे मी सर्व्हेयर म्हणून भोक शोधायला करायचो. तस्करी शोधायला करावं, असं मला कुणी कधी सांगितलं नाही, आणि त्याचे पैसेही कुणी दिले नसते.

तिसरं जरा कडू आहे. सीएफएसमध्ये तपासणीला काढलेला डबा खरोखर किती तपासला जातो? दार उघडतं, दारातल्या चार ओळी निघतात, दोन पेट्या फोडतात, फोटो होतो, दार लागतं. आतली वीस फूट कुणी बघत नाही. कारण पूर्ण डीस्टफिंगला (डबा रिकामा करायला) माथाडी लागतात, फोर्कलिफ्ट लागते, शेड लागते, परत भरायला तेवढाच वेळ, आणि बिल आयातदाराचं. तो रडतो, सीएचए रडतो, अधिकाऱ्यालाही शेडमध्ये उकडतंच. लपवणाऱ्याला हे सगळं ठाऊक आहे, म्हणून माल समोरच्या भिंतीशी असतो. माझी सूचना अशी की दहा डबे दारापर्यंत बघण्यापेक्षा दोन डबे भिंतीपर्यंत बघा. कुठले दोन, ते आरएमएसच्या यादीबाहेरचेही असू देत, चांगल्या नावाच्या पार्टीचेही. आणि आत काही सापडलं नाही, तर त्या तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचं डिटेन्शन (डबा अडकून राहिल्याचं भाडं) आयातदाराच्या डोक्यावर मारू नका. कस्टमनं अडवून ठेवलेल्या मालाचं भाडं सीएफएसनं घेऊ नये, असं २००९ च्या नियमावलीत आहेच. शिपिंग लाइन मात्र तिच्या डब्याचं डिटेन्शन लावते, आणि भांडण तिथे होतं. ते भांडण आपण मिटवलंत तर पूर्ण तपासणीला अर्धा विरोध राहणार नाही.

माझे सीएचए मित्र हे वाचून मला शिव्या देणार आहेत. देऊ देत. त्यांच्यातल्याच एकानं मला खासगीत सांगितलंय की लायसन्स जाईल या धास्तीनं त्याची झोप या ज्येष्ठमधानं उडवलीय.

आता पुन्हा रिकाम्या डब्याकडे येतो, कारण खर्च सगळ्यात कमी तिथेच आहे. एम्प्टी डबा यार्डातून निघताना दोन्ही दारं उघडून, आतला फोटो, डब्याचा नंबर दिसेल असा. पोर्टाच्या गेटवर पुन्हा तेच, आणि लगेच साधं सील. दोन मिनिटं. ज्या यार्डाला दोन मिनिटं परवडत नाहीत, त्यानं धंदा दुसरीकडे करावा. युरोपातल्या मोठ्या बंदरांचा त्रास आपल्याला अजून लागलेला नाही, तोवर हे करून घ्या. रॉटरडॅमला कोकेन बाहेर काढणारी टोळ्यांची पोरं कित्येक दिवस बंदरातच डब्यात राहतात, तिथे त्याला हॉटेल कंटेनर म्हणतात. सप्टेंबर २०२१ मध्ये अशीच नऊ जणं आत अडकली आणि शेवटी त्यांनीच मदतीसाठी फोन केला. अँटवर्पला २०२३ मध्ये ११६ टन कोकेन पकडलं. त्यांच्याकडे स्कॅनर कमी आहेत म्हणून हे होत नाही.

फ्युमिगेशनबद्दल (कीड मारायला डब्यात विषारी वायू सोडतात) एकच वाक्य लिहितो, पण ते आपण परिपत्रकात घालाच: मिथाइल ब्रोमाइड किंवा फॉस्फिन सोडण्याआधी डबा ठोका, थांबा, ऐका.

ऐकण्यावरून शेवटचा मुद्दा. या सगळ्या साखळीत डब्याच्या सगळ्यात जवळ असतो तो ट्रेलरचा ड्रायव्हर, यार्डातला चेकर, माथाडी, रिपेअरचा वेल्डर, टेबलावर बसलेला गेट क्लार्क. वेल्डरला माहीत असतं की या डब्याच्या भिंतीला मी टाका दिलेला नाही. ड्रायव्हरला माहीत असतं की डबा वजनाला कागदापेक्षा जड चाललाय. २०१६ पासून प्रत्येक भरलेल्या डब्याचं वजन पडताळून द्यावं लागतं, पण घाटात गाडी दुसऱ्या गिअरला का गेली ते वजनाच्या चिठ्ठीला कळत नाही. ही माणसं बोलत का नाहीत? कारण बोललं की ड्युटी बदलते. मला अनुभव आहे. खबर देणाऱ्याला पकडलेल्या मालाच्या किमतीच्या वीस टक्क्यांपर्यंत बक्षीस देण्याची आपली योजना आहे; माझ्या ओळखीच्या एकाही चेकरला ती ठाऊक नव्हती. प्रत्येक यार्डाच्या गेटवर, चहाच्या टपरीशेजारी, मराठीत आणि हिंदीत फलक लावा. एक नंबर द्या, जो यार्डाच्या मॅनेजरकडे वाजणार नाही. नाव सांगायची सक्ती नको. आणि आत माणूस सापडला तर काय करायचं, तेही त्याच फलकावर लिहा: आधी दार उघडा, पाणी द्या, १०८ ला फोन करा, पोलीस त्यानंतर. सापडलेला माणूस आरोपी नाही, हे गेटवरच्या सिक्युरिटीला आधी शिकवावं लागेल. मला अंधारातून बाहेर काढल्यावर त्या सिक्युरिटीनं पहिला प्रश्न विचारला होता, तुमचा पास कुठे आहे?

ज्या गावांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर हे बंदर १९८९ मध्ये उभं राहिलं, त्यांतलीच पोरं आज या यार्डांत चेकर आहेत. त्यांच्यासाठी हे प्रशिक्षण घ्यायचं असेल तर मी फुकट येईन. एक अर्धा दिवस, एक रिकामा डबा आणि पंचवीस पोरं द्या. टेप, टॉर्च आणि काठी माझी मी आणतो. लाइट टेस्ट मी स्वतः आत उभा राहून दाखवीन, फक्त दार लावणाऱ्या पोराला तेवढा वेळ कुणी हाक मारू नका.

आपला,
एक निवृत्त कंटेनर सर्व्हेयर
ता. उरण, जि. रायगड